मुंबईतल्या बहुसांस्कृतिक बालकथा स्पर्धेसाठी ३ ते ६ वयोगटाच्या गोष्टीत सगळ्या धर्मांचे सण घालावेत का?
नको, एकच प्रसंग घ्या. मी बालवाडीत रोज गोष्टी वाचून दाखवते. दिवाळी, ईद, नाताळ ओळीने आले की मुलं चुळबुळ करायला लागतात. त्यापेक्षा वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चची जत्रा बघा. सप्टेंबरात तिथे सगळ्या धर्मांची माणसं नवस बोलून मेणाचे हात, पाय, घरं वाहतात. आजीचा हात दुखतोय, नात मेणाचा हात निवडते, शेजारची फातिमा तो गर्दीतून जपून नेते. एवढ्यात सगळं येतं, आणि किती सुंदर येतं! फक्त स्पर्धेच्या नियमांतला हक्कांचा भाग नीट वाचा: कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्क लेखी करारानेच दुसऱ्याला देता येतात, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात.