ठिबकमधला बुळबुळीत थर आणि सूक्ष्मदर्शकाखालचा लाल रंग

प्रश्न : तासगाव तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्यांमध्ये बुळबुळीत थर साचून ड्रिपर चोंदतात. मी सांगलीत सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत आहे. हा थर खरवडून, सिटो ९ आणि प्रोपिडियम आयोडाइड या रंजकांनी रंगवून फ्लुरोसन्स (रंजकांची चमक दाखवणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हिरव्या-लाल ठिपक्यांची गर्दी दिसली, रचना मात्र कळली नाही. लाल दिसलेले सगळे जिवाणू मृत समजावेत का?
– एक विद्यार्थिनी, तासगाव

उत्तर : रचना कळली नाही, कारण ती खरवडतानाच मोडली. अशा बुळबुळीत थरात, म्हणजे बायोफिल्ममध्ये, जिवाणू स्वतः स्रवलेल्या बहुशर्करा, प्रथिने आणि पेशीबाहेरील डीएनए यांच्या चिकट जाळ्यात रुतलेले असतात आणि त्यांच्या पुंजक्यांमधून पाण्याच्या वाटा गेलेल्या असतात. ही मांडणी पाहायची, तर थर जागचा हलवून चालत नाही. नळीच्या टोकाशी काचेच्या किंवा पॉलिथिनच्या छोट्या पट्ट्या काही आठवडे बसवून ठेवा, मग त्या त्याच पाण्यात बुडवून प्रयोगशाळेत आणा आणि अगदी हलक्या हाताने धुवा. थर वाळला की जाळे आकसते. उत्तम सूक्ष्मदर्शक मिळण्यापेक्षाही नमुना असा जपून घेणे मला अधिक मोलाचे वाटते.

साध्या फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकात वरच्या-खालच्या पातळ्यांचा प्रकाश मिसळून चित्र धूसर होते. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकात फोकसबाहेरचा प्रकाश एका सूक्ष्म छिद्रापाशी अडवला जातो. अमेरिकी शास्त्रज्ञ मार्विन मिन्स्की यांनी १९५७ मध्ये या तत्त्वाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. सुमारे एक-एक मायक्रोमीटर खाली सरकत घेतलेल्या प्रतिमा एकावर एक रचल्या की थराची जाडी आणि आतल्या पोकळ्या मोजता येतात. मात्र जाड थरात प्रकाश विखुरतो, म्हणून तळाशी अंधार दिसला तर तिथे जिवाणू नाहीत असे धरू नये. बहुशर्करांचे जाळे दिसण्यासाठी चमकणारे रंजक जोडलेले कॉनकॅनॅव्हॅलिन ए हे लेक्टिन (शर्करांना चिकटणारे प्रथिन) वापरतात, पण ते प्रामुख्याने मॅनोज आणि ग्लुकोज घटकांनाच चिकटते, त्यामुळे जाळ्याचा काही भाग अदृश्यच राहतो.

आता लाल रंग. सिटो ९ सर्व पेशींत शिरते आणि हिरवे चमकते. प्रोपिडियम आयोडाइड लाल चमकते आणि बाहेरचे पटल फाटलेल्या पेशींतच शिरते, म्हणून लाल पेशी सामान्यतः मृत धरतात. पण हेच रंजक जाळ्यातील मोकळ्या डीएनएलाही चिकटते आणि जिवंत पेशींभोवतीही लालसर धूसरपणा येतो. शिवाय तुमच्या पाण्यात शेवाळ असू शकते, आणि त्यातील हरितद्रव्य निळ्या प्रकाशात कोणत्याही रंजकाशिवाय लाल चमकते. तेव्हा प्रत्येक वेळी एक पट्टी न रंगवता पाहा, तिच्यावर दिसलेला लाल रंग हिशेबातून वगळा, आणि दुसरी पट्टी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तासभर ठेवून, हलकेच धुऊन मग रंगवा, म्हणजे खरोखर मेलेल्या पेशी तुमच्या उपकरणात किती लाल दिसतात ते कळेल.