थ्रेशरमधले पोळे, टाकीवरचे मातीचे घर

सोयाबीन सवंगणीला आले की मार्च-एप्रिलपासून शेडात उभी असलेली यंत्रे बाहेर निघतात आणि त्यांच्यासोबत गांधीलमाश्यांचे प्रश्नही. नागपूर जिल्ह्यातून आलेले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : गहू काढल्यापासून थ्रेशर टिनाच्या शेडात उभा आहे. बेल्टच्या गार्डमागे गांधीलमाश्यांचे तळहाताएवढे पोळे आहे. दहा-बारा दिवसांत सोयाबीन काढायचे आहे. डिझेलचा बोळा पेटवून धरला तर चालेल का? (काटोल तालुका)

उत्तर : बोळा अजिबात पेटवू नका. चाळणीत आणि जाळीच्या सांदीत मागच्या हंगामाचे कुटार (भुसा) अडकलेले असते, बेअरिंगभोवती ग्रीस साचलेले असते, बेल्ट रबराचा असतो. वरून विझल्यासारखे दिसते आणि आत धुमसत राहते. शेजारी पराट्या (कपाशीची वाळलेली झाडे) रचलेल्या असतील तर शेडही हाती लागत नाही. काठीने पोळे पाडणेही नको. दिवसा बऱ्याच माश्या बाहेर असतात. त्या परतल्या की घिरट्या घालत समोर येईल त्याला डसतात.

आधी नुसते बघा. दुपारी वीस फुटांवर उभे राहून दहा मिनिटे माश्यांची ये-जा कुठून होते ते पाहा. एकच पोळे असेल असे धरू नका. पंख्याचे कवच, हॉपरची (पेंढ्या सारायच्या तोंडाची) खालची बाजू, टूलबॉक्स आणि चेसिसचा पोकळ चॅनेल या चार जागा हमखास तपासा.

काम सूर्य मावळल्यावर दीड-दोन तासांनी करा. तेव्हा सगळ्या माश्या पोळ्यावर बसलेल्या असतात आणि अंधारात त्या नीट उडत नाहीत. एक लिटर पाण्यात भांडी घासायचे पातळ साबण ३० ते ४० मिलि मिसळा. तळहाताएवढ्या पोळ्याला असे दोन लिटर द्रावण पुरते. हातपंपाच्या स्प्रेयरचे तोंड अशा बेताने फिरवा की धार सहा-सात फुटांवर पोहोचेल पण फार बारीक होणार नाही. पहिली धार पोळ्याच्या मधोमध मारा आणि पोळे पूर्ण भिजेपर्यंत थांबू नका. अर्धवट भिजवून मागे सरलात की उरलेल्या माश्या उठतात; बहुतेक वेळा काम फसते ते इथेच. नुसते पाणी माशीच्या अंगावरून ओघळून जाते. साबणाचे पाणी अंगाला चिकटते आणि तिची श्वासाची छिद्रे बुजवते, म्हणून विष न वापरताही ती मरते.

अंगात जाड पूर्ण बाह्यांचे कपडे, त्यावर रेनकोट, पायात गमबूट, पँट मोज्यात खोचलेली, मनगटाशी चिकटपट्टी, आणि टोपीवरून मच्छरदाणीचा तुकडा कॉलरमध्ये खोचलेला असावा. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावा, कारण लाल उजेड या माश्यांना जवळपास दिसत नाही. टॉर्च हातात धरू नका, बाजूला विटेवर ठेवा. उठलेली माशी उजेडाकडे जाते. मागे सरायची वाट आधी मोकळी करा आणि जनावरे तिथून लांब बांधा. थ्रेशर मोटारीवर चालत असेल तर मेन स्विच बंद करून मोटार आणि स्टार्टर प्लास्टिकने झाका.

कपाशीवरचे कीटकनाशक इथे मारू नका. बंद शेडात त्याची वाफ मारणाऱ्याच्याच नाकातोंडात जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे उघड्यावर आली ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. जुनी बाटली घरात पडून असेल आणि तिच्यावर डायक्लोरव्हॉस लिहिलेले असेल तर लक्षात ठेवा, ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे. डब्यातला कीटकनाशक स्प्रे वापरणार असाल तर तो पेट घेतो, त्यामुळे गरम सायलेन्सर किंवा बॅटरीजवळ नको.

सकाळी लांबून पाहा. हालचाल नसेल तर पोळे खरवडून साबणाच्या बादलीत बुडवा. ते तसेच ठेवले तर झाकण लावलेल्या घरांमधून पुढच्या काही दिवसांत नव्या माश्या निघतात. पोळे ज्या बारीक देठावर लटकते तो देठही पत्र्यावरून घासून काढा.

यानंतर ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद थ्रेशरला देणारा दांडा) काढलेला, अशा स्थितीत फ्लायव्हील हाताने दोन-तीन वेळा फिरवा. मगच शाफ्ट जोडून कमी आरपीएमवर पाच मिनिटे रिकामा चालवा, आणि तेवढा वेळ सगळ्यांनी लांब उभे राहा. हे इतके लांबवून सांगण्याचे कारण आहे. ड्रम फिरला की सगळा पत्रा थरथरतो, आत राहिलेल्या माश्या उठतात आणि पेंढी सारणाऱ्या माणसाच्या तोंडावर येतात. तो झटक्याने हात हलवतो, तोल जातो, आणि समोर हॉपर असतो. डंख दोन दिवसांत बरा होतो, ड्रममध्ये गेलेला हात परत येत नाही.

पोळे भंगारातल्या वखरावर असेल आणि तिथे कुणाचा वावर नसेल तर मात्र राहू द्या. या माश्या पिकावरच्या अळ्या उचलून आपल्या पिल्लांना चारतात.

प्रश्न : जुना ट्रॅक्टर पंधरा-वीस मिनिटे चालतो आणि बंद पडतो. थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो. डिझेल फिल्टर बदलून झाले. टाकीच्या झाकणावर मातीचा गोळा दिसतो, त्याचा संबंध असेल का? (उमरेड तालुका)

उत्तर : बहुधा तोच दोषी आहे. हे घर कुंभारीण माशीचे. ती एकटी राहते, बारीक कमरेची असते आणि घर वाचवायला अंगावर येत नाही, त्यामुळे हे काम दिवसा करता येते. गोळा फोडून पाहा : आत बोटाच्या पेराएवढ्या कोठड्या असतात, त्यांत लुळे पाडलेले कोळी ठासून भरलेले, आणि त्यांना बिलगून एक पांढुरकी अळी.

टाकीतले डिझेल जसे खाली जाते तशी झाकणाच्या बारीक छिद्रातून हवा आत यावी लागते. छिद्र बुजले की टाकीत ओढ तयार होते, पंपाला डिझेल मिळत नाही आणि इंजिन गुदमरते. थांबल्यावर हवा हळूहळू झिरपते, म्हणून ते पुन्हा चालू होते. परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद पडताच झाकण सैल करा. आत हवा ओढल्याचा ‘स्स’ आवाज आला तर निदान पक्के. झाकण अर्धा आटा सैल ठेवून तासभर जागेवरच इंजिन चालवून बघा, म्हणजे शंका राहत नाही.

झाकण टाकीवर असताना छिद्रात तार घालू नका. माती सरळ डिझेलमध्ये पडते. झाकण काढा आणि टाकीच्या तोंडाला स्वच्छ कापड बांधा. ही माती डिझेलमध्ये विरघळत नाही, म्हणून झाकण आधी अर्धा तास साध्या पाण्यात भिजवा. मग तांब्याच्या बारीक तारेने छिद्र मोकळे करा, आतून बाहेर हवा मारा, कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि शेवटी डिझेलने धुवा. वाळवण्यात घाई नको. पाण्याचा थेंब डिझेलमध्ये गेला तर पंप आणि नोझल खराब होतात, आणि तो खर्च फिल्टरच्या कितीतरी पट आहे. एवढे करूनही इंजिन अडखळत असेल तर लाइनमध्ये हवा शिरली आहे. फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करून फीड पंपाची दांडी हाताने मारा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळा.

झाकणासोबत गिअरबॉक्सचा आणि मागच्या अॅक्सलचा ब्रीदरही (हवा आत-बाहेर व्हायचे छिद्र) पाहा. तो बुजला तर तेल तापल्यावर आतला दाब सीलमधून वाट काढतो. नवे सील टाकूनही गळती राहते ती बऱ्याचदा यामुळेच. एअर क्लीनरच्या वरच्या टोपीत माती असेल तर वरून ढोसू नका. टोपी काढून बाहेर साफ करा, नाहीतर तीच माती लायनर आणि रिंग घासत बसते.

प्रश्न : पेरणी यंत्राच्या पेटीत मधमाश्या बसल्या आहेत. मारायच्या नाहीत, पण पेटी मोकळी हवी. (कळमेश्वर तालुका)

उत्तर : मारायच्या नाहीत हे फार चांगले ठरवलेत. आधी झाकण न हलवता फटीतून पाहा. नुसता माश्यांचा घोस लोंबत असेल आणि मेण दिसत नसेल तर तो जागा शोधत निघालेला थवा आहे. दोन-तीन दिवसांत तो बहुधा स्वतःच उडून जातो. अंधाऱ्या पेटीत एकाला एक समांतर पोळी दिसली तर त्या सातेरी माश्या. मधपाळ संध्याकाळी पोळी कापून चौकटीत दोऱ्याने बांधतो आणि पेटीत बसवतो. पिल्लांची पोळी होती तशीच उभी राहिली पाहिजेत आणि राणी पेटीत गेलीच पाहिजे, नाहीतर वसाहत टिकत नाही. मधपाळासाठी जिल्ह्याच्या खादी ग्रामोद्योग कार्यालयात किंवा पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत चौकशी करा.

माश्या गेल्यावर पेटी खरवडून सोड्याच्या गरम पाण्याने धुवा आणि वाळवा. मेणाचा वास राहिला तर पुढचा थवा तिथेच येतो, आणि खाचेदार रोलरमध्ये मेण बसले तर बियाणे कमी-जास्त पडून ओळीत खांडण्या राहतात.

उघड्यावर लटकणारे हातभर रुंद पोळे असेल तर ते आग्या मोहोळ. त्याच्या जवळ यंत्र सुरू करू नका आणि ते स्वतः काढूही नका.

प्रश्न : डंख लागल्यावर लोखंड घासतात, चुना लावतात. खरा उपाय कोणता? (मौदा तालुका)

उत्तर : लोखंड आणि चुना यात वेळ जातो. मधमाशीचा काटा कातडीत राहतो आणि विष सोडत राहतो, तो नखाने खरवडून लगेच काढा. गांधीलमाशीचा काटा राहत नाही, म्हणून ती एकच माशी पुन्हा पुन्हा डसते. जागा साबणाने धुवा, कापडात गुंडाळून बर्फ धरा, अंगठी-कडे आधीच काढा.

अंगभर गांध्या, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, श्वास लागणे, उलटी, चक्कर यांपैकी काही दिसले तर एकच डंख असला तरी १०८ ला फोन करा. माणसाला आडवे करून पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर टेकवून बसवा. यावर औषध म्हणजे मांडीत दिले जाणारे अॅड्रेनालिनचे इंजेक्शन. ते लवकर मिळाले पाहिजे, म्हणून थेट नागपूरला मेडिकल किंवा मेयो या मोठ्या सरकारी दवाखान्यांकडे धावण्याआधी वाटेतले जवळचे आरोग्य केंद्र गाठा. तोंडात किंवा घशात डंख असेल, किंवा पन्नासच्या वर डंख असतील, तर माणूस ठीक दिसला तरी दवाखान्यात न्या. लघवी लालसर-काळी होणे ही किडनीवर ताण आल्याची खूण आहे आणि ती उशिराही दिसते.

माश्या मागे लागल्या तर विहिरीत उडी नको. तोंड झाकून सरळ पळा आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा.

प्रश्न : पावसाळाभर यंत्रे उभी ठेवायची तर पोळी बसू नयेत म्हणून काय करावे? (सावनेर तालुका)

उत्तर : सायलेन्सरच्या तोंडावर रिकामा डबा उपडा घाला. हायड्रॉलिकच्या कपलरवर रबरी टोप्या लावा. फवारा पंपाच्या नळ्यांना प्लास्टिक गुंडाळून ट्यूबच्या पट्टीने बांधा. गार्डच्या आतला पत्रा खरवडून हलका ग्रीसचा हात द्या, तिथे पोळ्याचा देठ नीट धरत नाही आणि पत्रा गंजतही नाही. जूनपासून आठवड्यातून एकदा टॉर्च घेऊन फेरी मारा. सुरुवातीला पोळे लिंबाएवढे आणि माश्या दोन-तीनच असतात. तेव्हा तेच साबणाचे पाणी अर्धा लिटरही पुरते.

ब्रीदरची छिद्रे कधीही बुजवू नका, त्यावर बारीक जाळी बांधा. बाकी किती बोळे आणि टोप्या लावल्या तो आकडा खडूने डॅशबोर्डवर लिहा आणि स्टीअरिंगला लाल चिंधी बांधा. तेवढे नग मोजून हातात आल्याशिवाय चिंधी सोडायची नाही.