मोबाइल चोरीपासून जामिनापर्यंत: वाचकांचे प्रश्न, वकिलाची उत्तरं

मी मुंबईच्या फौजदारी न्यायालयांत वकिली करते, आणि त्यातली बरीच कामं मोफत विधी साहाय्याची असतात. गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरं इतरांच्याही कामी येतील, ती इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

डोंबिवलीहून दादरला येताना लोकलच्या दारात उभा होतो. रुळांलगतच्या खांबाआडून एका पोराने काठीचा फटका मारला, मोबाइल खाली पडला, तो घेऊन पोरगा पळाला. पोलिसांनी मोबाइल ‘गहाळ’ झाल्याचा दाखला हातात दिला. आता पुढे काय करू?

त्या दाखल्यावर नवं सिमकार्ड मिळेल, पण तपास सुरू होणार नाही. गहाळ म्हणजे तुमच्या हातून हरवलेला. तुमचा फोन तर फटका मारून पळवला आहे. भारतीय न्याय संहितेत कलम ३०४खाली हिसकावून केलेली चोरी आता स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मनगटाला मार लागला असेल तर तेही जबाबात लिहून घ्या, मग जबरी चोरीचं कलम लागू शकतं. डॉक्टरांकडे गेला असाल तर तो कागद जपून ठेवा.

दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३च्या ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केलं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अशा प्रकरणात फार तर वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. फटका दिव्याला पडला की मुंब्र्याला, या हद्दीच्या वादात तुम्ही पडू नका. कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने एफआयआर घेता येतो आणि त्याची प्रत फुकट मिळते. घेतलाच नाही, तर लेखी तक्रार पोस्टाने लोहमार्ग पोलिसांच्या वरिष्ठांकडे पाठवा आणि त्यानेही काम झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. फोनच्या खोक्यावरचा आयएमईआय क्रमांक ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर टाकून हँडसेट ब्लॉक करा.

एवढा खटाटोप एका फोनसाठी कशाला, असं घरचे म्हणतील. पण गहाळ म्हणून लिहिलेला फोन गुन्ह्यांच्या आकड्यात येत नाही. कोणत्या खांबाजवळ रोज फटका पडतो हे कागदावरच नसेल, तर तिथे गस्त लागणार कशी?

आमच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं राहायची. गरिबी होती, पण चोर कुणी झाला नाही. मग गुन्ह्याचं खापर सारखं गरिबीवर का फोडतात? (लालबागचे निवृत्त गिरणी कामगार)

काका, तुमचं म्हणणं मला पटतं. गरिबी एवढंच कारण असतं तर लालबाग-परळची निम्मी घरं तुरुंगाच्या वाऱ्या करत बसली असती. त्या खोलीत पैसा कमी होता, पण पगाराची तारीख ठरलेली होती. पोरगा शिकला नाही तरी बदली म्हणून का होईना, गिरणीत चिकटत होता. व्यायामशाळा होती, भजनी मंडळ होतं, आणि नाक्यावर उभा असलेला मुलगा कुणाचा, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. घरातला कमावता माणूस रिकामा बसला. ज्या नोकरीच्या भरवशावर धाकटा वाढत होता, तीच राहिली नाही. नेमक्या त्याच वर्षांत टोळ्यांना पोरं हवी होती. भाईकडे गेलं की खिशात पैसे आणि गल्लीत दरारा, दोन्ही मिळत होतं. तरीही बहुतेक मुलांनी ती वाट धरली नाही. कुणी वडापावची गाडी लावली, कुणी रिक्षा चालवली, कित्येक घरांत आईने खानावळ काढून पोरांना सांभाळलं.

म्हणून कारण विचाराल तर मी असं सांगेन: माणसाचं ठरलेलं स्थान एकाएकी जातं, दुसरं कुणी देत नाही, आणि त्याच वेळी चुकीचा माणूस ‘ये’ म्हणतो. यातली शेवटची गोष्ट पोलिसांच्या हातात आहे. पहिल्या दोन नाहीत, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करून नुसती पोलीस भरती वाढवत राहणं मला अपुरं वाटतं.

आणखी एक. एडविन सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३९मध्येच पांढरपेशा गुन्हेगारीकडे लक्ष वेधलं होतं. सप्टेंबर २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला एका खात्यातून सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येणार होते. भांडुप-मुलुंडच्या शाखांबाहेर म्हातारी माणसं रडत होती. त्या प्रकरणातले मुख्य आरोपी बांधकाम उद्योजक आणि बँकेचे वरिष्ठ अधिकारी होते. गुन्हा म्हटलं की आपली नजर झोपडपट्टीकडेच का वळते, हे प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवं.

सासऱ्यांना व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ केल्याचं सांगून दोन लाख उकळले. अजून मागतायत. (मुलुंड)

यांना मी पत्र मिळालं त्याच दिवशी कळवलं, कारण अशा वेळी तास मोजायचे असतात. कॉल तोडा, १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा, बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येतात. डिजिटल अटक असा प्रकार आपल्या कायद्यात अस्तित्वातच नाही. आणि सासऱ्यांना बोल लावू नका. ओरडा बसेल म्हणून गप्प राहणारे वडीलधारे दुसऱ्यांदा फसतात.

बलात्काऱ्यांना भर चौकात फाशी द्या नाही तर एन्काउंटर करा, गुन्हे आपोआप थांबतील. आपला कायदाच मऊ आहे. (बोरिवलीची विद्यार्थिनी)

तुझा राग खरा आहे, तो मलाही येतो. पण कायदा मऊ आहे हे खरं नाही. महालक्ष्मीच्या शक्ती मिलमधल्या २०१३च्या सामूहिक बलात्काराच्या गुन्ह्यात आरोपी काही दिवसांत पकडले गेले आणि २०१४च्या एप्रिलपर्यंत निकाल लागला. तिघांना फाशी झाली. नोव्हेंबर २०२१मध्ये उच्च न्यायालयाने ती बदलून मरेपर्यंत जन्मठेप दिली. त्या खटल्यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो वेग. तक्रार लगेच घेतली गेली, पुरावा लगेच गोळा झाला, साक्षी वेळेत झाल्या. बाकीच्या शेकडो मुलींच्या वाट्याला वर्षानुवर्षं तारखा येतात. साक्षीदाराचं लग्न होऊन तो दुसऱ्या गावी गेलेला असतो आणि तपास अधिकाऱ्याची बदली झालेली असते.

शिक्षा किती कडक यापेक्षा ती नक्की होणार का, यावर तिचा धाक ठरतो, हे इटलीच्या चेझारे बेकारियाने १७६४मध्ये मांडलं. त्यानंतरच्या अभ्यासांचा कलही बराचसा त्याच बाजूला आहे. गुन्हा करणारा फाशी की जन्मठेप याचा हिशेब करत नाही. आपण सापडणार नाही, एवढंच त्याच्या मनात असतं.

दुसरी बाजू तू कदाचित पाहिली नसशील. बलात्काराच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. काका, शेजारी, शिकवणीचे सर. माझ्यासमोर बसलेली आई मुलीचा हात घट्ट धरून विचारते, “मॅडम, त्याला फाशी तर नाही ना होणार? माझ्या नणंदेचा संसार आहे.” शिक्षा जितकी टोकाची, तितका घरातून तक्रार मागे घेण्याचा दबाव जास्त. दिल्लीतल्या २०१२च्या बलात्कार प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३च्या अहवालात बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही, आणि मला ती भूमिका आजही बरोबर वाटते.

एन्काउंटरबद्दल एकच सांगते. वर्सोव्याच्या २००६मधल्या चकमकीला न्यायालयाने बनावट ठरवलं आणि मार्च २०२४मध्ये उच्च न्यायालयाने एका गाजलेल्या माजी अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. मेलेला माणूस दोषी होता की नव्हता, हे ठरवायला तोवर कुणी उरलेलं नसतं.

नवऱ्याला चोरीच्या केसमध्ये १५,००० रुपयांचा जामीन मंजूर होऊन दीड महिना झाला. जामीनदार नाही, म्हणून तो अजून आत आहे. (गोवंडी)

ताई, असं पत्र मला दर महिन्याला येतं. कोर्टाच्या व्हरांड्यात बायका प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, आधार, भाड्याची पावती घेऊन उभ्या असतात. आत गेल्यावर कळतं की जामीनदाराची पगाराची स्लिप हवी, नाही तर तहसीलदाराचं सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट, म्हणजे ऐपतीचा दाखला, हवा. ज्याच्या सगळ्या नात्यागोत्यात कुणाकडे पगाराची स्लिप नाही, त्याने काय करायचं? मग ‘जामीनदार आणून देतो’ म्हणणारे दलाल गाठतात. त्यांच्या नादी लागू नका. जामीनदार खोटा निघाला तर जामीन जातो आणि वर नवी केस लागते.

तुमच्या हातात बरंच काही आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ला सांगितलं आहे की जामीन मिळूनही महिनाभरात हमी भरली गेली नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. त्यावर बोट ठेवून वैयक्तिक हमीवर सोडण्याचा किंवा रक्कम कमी करण्याचा अर्ज करा. वकील फुकट मिळेल. कोठडीत असलेल्याला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे. गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३पासून योजना आहे, तिच्यातून कच्च्या, म्हणजे खटला अजून संपलेला नाही अशा, कैद्याच्या जामिनासाठी मदत होऊ शकते. ‘प्रयास’ हा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रकल्प १९९०पासून तुरुंगात काम करतो आहे, त्यांचे कार्यकर्ते भेटले तर जरूर बोला. आणि तुमच्या नवऱ्याचा हा पहिलाच गुन्हा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ लक्षात ठेवा: कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत गेला की सोडण्याची तरतूद आहे. दुसरी केस चालू असेल तर मात्र तिचा लाभ मिळत नाही.

२०२२च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची अधिकृत क्षमता हजाराच्याही आत आहे आणि तिथे तीन हजारांवर माणसं कोंबलेली असतात. गुन्हा सिद्ध होण्याआधीच या माणसांचा रोजगार जातो, खोली जाते, पोरांची शाळा सुटते, आणि बराकीत ज्यांच्या ओळखी होतात त्या बाहेर आल्यावरही सुटत नाहीत. चोऱ्या कमी व्हाव्यात असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने आधी गरिबाच्या जामिनाचा प्रश्न सोडवण्याची मागणी करावी, असं माझं ठाम मत आहे.

सोसायटीसाठी वॉचमन शोधतोय. एकाने स्वतःहून सांगितलं की १० वर्षांपूर्वी चोरीत सहा महिने शिक्षा भोगली होती. कमिटीत दोन तट पडलेत. (कांदिवलीच्या एका सोसायटीचे सचिव)

घ्या त्याला. पोलीस पडताळणी करा, पण ती सगळ्यांचीच करा. आधी जिथे काम केलं तिथल्या मालकाला फोन करा. त्यानंतरची १० वर्षं स्वच्छ असतील तर ती शिक्षेच्या सहा महिन्यांपेक्षा जास्त बोलतात. औंध संस्थानाने १९३९मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभारली. तिथे भिंतींशिवाय, कुटुंबासह, शेती करत कैदी राहिले. आपल्याच महाराष्ट्रातला हा प्रयोग आहे.

कमिटीतल्या कुणाचा विरोध तो पारधी आहे म्हणून असेल, तर ते साफ अमान्य करा. १८७१च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ला रद्द झाला, तरी पारध्याच्या पोराला आजही संशयावरून आधी उचलतात.

पगार बँकेतून द्या, ड्युटीच्या वेळा लेखी द्या. आणि त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट कमिटीपुरतीच राहू द्या, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.