भर बाजारातून लाईट रेल न्यायची तर आधी काय बघायचं? आधी वॉलमन शोधायचा

तुमचा प्रश्न असा, की जळगाव स्टेशनपासून भर बाजारातून लाईट रेल, म्हणजे रस्त्यातल्या रुळांवरून धावणारी ट्रामसारखी गाडी, नेता येईल का की हायवेच्या कडेने न्यावी, आणि मार्ग ठरवताना सगळ्यात आधी काय बघतात. उत्तराच्या पहिल्या भागावर मी नंतर येतो, कारण दुसऱ्या भागाने माझी जुनी जखम उघडली.

सगळ्यात आधी जमिनीखाली काय आहे ते बघतात. म्हणजे बघायला पाहिजे. बघत नाहीत.

मी सिव्हिल डिप्लोमावाला. बऱ्याच वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावात मेनपेठेत पाइपलाइनचं काम होतं आणि ठेकेदाराकडून मी साईटवर सुपरवायझर. गावाचं नाव नको, ठेकेदाराचंही नको. पण त्याच पेठेत आमच्या तात्याचं, म्हणजे सख्ख्या काकाचं, किराणा-भुसारचं दुकान. होळीच्या आधी काम चालू केलं, बॅरिकेडला पाटी लावली, ‘काम 21 दिवसांत पूर्ण होईल, कृपया सहकार्य करावे’. पाटीचा मजकूर मीच रंगवून घेतला होता आणि गल्लीतल्या सगळ्या दुकानदारांना मीच छाती ठोकून सांगितलं होतं, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी रस्ता मोकळा, काळजी करू नका.

पहिल्या दिवशी साहेबांना म्हटलं होतं, दर तीस मीटरवर हाताने एक टेस्ट खड्डा घेऊ, चार मजूर, दोन दिवसांचं काम. साहेब म्हणाले नकाशा आहे ना. नकाशात जुनी लाईन डाव्या अंगाला चार फूट खोल दाखवलेली. मी फक्कीने आखून दिलं आणि तिसऱ्या दिवशी जेसीबीचं बकेट उजव्या अंगाला, दोन फुटांवरच, बिडाच्या लाईनवर आदळलं. ही लाईन कुठल्याच कागदावर नव्हती, आणि भरलेली होती.

पाणी सरळ तात्याच्या दुकानात. मी पळत गेलो तर तात्या गादीवर पाय वर घेऊन बसलेला, चष्मा कपाळावर, आणि हमाल दोन पोती फळीवर चढवतोय तोवर खालच्या तीन गोणी तूरडाळीच्या बुडापासून फुगत चाललेल्या, शिवणीतून दाणे बाहेर ढकलले जात होते. गुळाच्या भेल्या कोपऱ्यात जमिनीवर. त्यांचा पाक उंबऱ्यावरून पिवळसर ओघळ होऊन परत रस्त्यावर आला आणि त्यावर गल्लीतली सगळी कुत्री जमली. तात्या ओरडला नाही. बॅरिकेडकडे बोट करून एवढंच म्हणाला, “तुनी पाटी काय म्हनस रे बापू?”

आणि पाणी बंद कसं करायचं ते कुणालाच माहीत नाही! वॉल कुठे आहे हे नकाशात नाही. दीड तास कारंजं चालू. शेवटी कुणीतरी रिटायर्ड वॉलमनला बोलावून आणलं, ते सायकलवर आले, कॅरियरला लांब चावी बांधलेली, नोकरी सुटून दहा वर्षं झाली तरी चावी घरीच. पानाच्या टपरीपुढे सिमेंटच्या कोब्यावर पहार दोनदा ठोकली, आवाज ऐकला आणि म्हणाले, “इथं खणा.” फूटभर खाली वॉल. मग जाता जाता सांगून गेले की पुढे मारुतीच्या पारापाशी दगडी गटार आडवं जातं, त्याला धक्का लावू नका, जिवंत आहे. साहेबांनी लक्ष दिलं नाही. नवव्या दिवशी तेही फुटलं. मग फोनची केबल. आखाजी गेली, माहेरवाशिणी आल्या नि गेल्या, सांजोऱ्यांचा रवा-गूळ लोकांनी दुसऱ्या गल्लीतून नेला, आणि पेठेवर डांबर पडलं ते पोळ्याला. 21 दिवसांची पाटी तोवर उन्हाने कोरी झाली होती.

आता तुम्ही म्हणाल याचा लाईट रेलशी काय संबंध. हाच संबंध आहे भो! पाइप एकदा टाकला की वरून रस्ता, परत फुटला तर परत खणा. रुळांखाली तसं चालत नाही, खालची लाईन फुटली आणि रूळ उखडायचे म्हटलं तर पूर्ण गाडी बंद. म्हणून रुळाच्या पट्ट्याखालचं सगळं, पाणी, गटार, वीज, फोन, आधीच बाजूला सरकवावं लागतं आणि पैसा नि वर्षं खरी तिथेच जातात. एडिनबरा शहराचं उदाहरण बघा, स्कॉटलंडमधलं, पैसेवाले लोक, कागद नीट ठेवणारे लोक. ट्राम 2011 ला धावणार होती, धावली 2014 च्या मे अखेरीस. बजेट 54.5 कोटी पौंड, गेले 77.6 कोटी, आणि एवढं करून ठरलेल्या मार्गाचा बंदराकडचा तुकडा गाळावा लागला, तो 2023 ला पुरा झाला. ठेकेदाराशी भांडणं झाली, चौकशी बसली, सगळं खरं, पण सुरुवातीलाच जमिनीखाली अपेक्षेपेक्षा जास्त पाइप-केबली निघाल्या हे त्यातलं मोठं दुखणं. सिडनीला जॉर्ज स्ट्रीटवरच्या लाईट रेलच्या कामातही जमिनीखालच्या विजेच्या केबलींवरून ठेकेदार कोर्टात गेला. म्हणजे आमचे साहेब एकटे नव्हते.

लोक सांगतात आता रडार असतं, जमिनीवरून गाडा फिरवला की खालचं सगळं स्क्रीनवर. असतं. पण आपल्याकडची काळी चिकण माती, त्यात ओल असली की रडारची लहर थोडक्यात मरते. तेव्हा रडार फिरवा, पण टेस्ट खड्डे घ्याच, आणि त्याच्याही आधी रिटायर्ड वॉलमन, गटारीचे जुने मुकादम, लाईनमन यांना चहा पाजून अख्ख्या मार्गावरून पायी फिरवा. त्यांच्या डोक्यातला नकाशा त्यांच्याबरोबरच जातो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. लाईट रेल साधारण 750 व्होल्ट डीसीवर चालते, करंट वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. रूळ नीट इन्सुलेट केले नाहीत तर थोडा करंट जमिनीत झिरपतो आणि आजूबाजूच्या बिडाच्या, लोखंडी पाइपांना कुरतडतो. जुन्या पेठांतून असे पाइप अजून आहेत.

आता हायवे की बाजार. बाजार. हायवेच्या कडेने न्या म्हणणारे लोक जागा बघतात, माणूस बघत नाहीत. स्टेशनात उतरलेला माणूस टॉवर चौकात जातो, फुले मार्केटला जातो, दाणा बाजारात जातो, त्याला हायवेवर सोडलं तर तो परत रिक्षाच करणार ना. आयर्लंडमधल्या डब्लिनला 2004 ला लुआस नावाच्या ट्रामच्या दोन लाईन सुरू झाल्या, एक लाल एक हिरवी, आणि दोन्ही एकमेकींना भेटतच नव्हत्या! मधे साधारण पंधरा मिनिटं पायी चालायचं. मधला तुकडा म्हणजे शहराचा ऐन गर्दीचा भाग, तोच सोडून दिलेला. शेवटी 2017 च्या डिसेंबरात जोडल्या, आणि तेव्हा ज्या रस्त्यांवर काम करायची भीती होती तेच रस्ते खणावे लागले. टाळून काही वाचत नाही.

इथेच माझा आणि तात्याचा खरा वाद. तात्याचं म्हणणं, रस्त्यात रूळ टाकले की गाडी दुकानासमोर लागणार नाही आणि गाडी लागली नाही की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात. हे तो आजही म्हणतो, टीव्हीवर कुठल्याही शहराची मेट्रो दिसली की म्हणतो. एकदा मी चिडून एका सोमवारी त्याच्या गल्ल्याशेजारी स्टूल टाकून बसलो, सकाळी दहा ते दुपारी दोन, आणि आलेल्या प्रत्येकाला विचारलं कसे आलात. वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे रेघा मारल्या. 83 गिऱ्हाइकं. 51 जण एसटी स्टँड नाहीतर काळीपिवळीच्या थांब्यावरून पायी, 19 मोटरसायकलवर, 9 सायकलवर, चारचाकीतून 4. त्या चारातले दोन आमचेच पाहुणे आणि एक बिस्किट कंपनीचा सेल्समन. आणि दुकानासमोर दिवसभर जी मोटरसायकल आडवी लावलेली असते ती तात्याची स्वतःची!

कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने वाचला, घडी केली, आणि म्हणाला, “चौथी गाडी लग्नाच्या घरची होती, ती एकटी दोन क्विंटल माल घेऊन गेली. ते मोजलं का?” नव्हतं मोजलं. हा मुद्दा त्याचा बरोबर, मी मान्य करतो, तोंडावर केलं नाही पण इथे करतो. माणसं मोजतात, माल मोजत नाहीत. दाणा बाजारात ट्रक लागतात, हमाल पाठीवर पोती नेतात, हातगाडी रस्त्यात उभी असते. रुळावरची गाडी बाजूने काढता येत नाही, एक मोटरसायकल अर्धा फूट आत उभी राहिली तरी मागे अख्खी लाईन थांबते. तेव्हा माल चढवण्या-उतरवण्याचे तास, रात्रीचे किंवा पहाटेचे, हमालांना आणि व्यापाऱ्यांना बसवून आधी ठरवायचे, नंतर पोलीस उभा करून होत नाही.

वळणांचंही बघा. आपला रामाचा रथ 1872 पासून कार्तिकी एकादशीला निघतो, चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडाची पाचर, घालून तो चौकात कसा वळवतात ते तुम्ही पाहिलंच असेल. रुळाच्या गाडीला मोगरी चालत नाही, तिला साधारण 25 मीटर त्रिज्येचं वळण लागतं, म्हणजे जुन्या गावातले बरेच कोपरे बाद. पाडायचे म्हटलं तर ती वेगळी लढाई. आणि रथाच्या वाटेवर विजेची तार टांगायची नसेल तर तोही मार्ग आहे, फ्रान्समध्ये बोर्दोला 2003 पासून दोन रुळांच्या मधल्या पट्टीतून वीज घेतात, गाडी वर असेल तेवढाच तुकडा जिवंत होतो. महाग आहे आणि पावसात तुंबणाऱ्या रस्त्यावर तर मी नाही सुचवणार.

आता जे पहिल्यांदा सांगायला पाहिजे होतं ते शेवटी सांगतो. जळगावला लाईट रेलचं गणित बसत नाही असं माझं मत. 2011 च्या जनगणनेत शहर 4,60,228. केंद्राने 2019 ला मेट्रोलाईटचे, म्हणजे आपल्याकडच्या लाईट रेलचे, निकष काढले ते गर्दीच्या तासाला एका दिशेने 15,000 पर्यंत प्रवासी धरून. नाशिकसारख्या शहराला 2021 च्या बजेटमध्ये जाहीर झाली ती मेट्रो निओ, रबरी टायरची, रूळ नाहीच. आपल्याला आधी दर पाच मिनिटाला येणारी सिटी बस मिळाली तरी पुष्कळ, आणि तिच्यासाठी बाजारातली एक लेन मोकळी ठेवता आली तर उद्या रूळ टाकायचं बोला. ती लेन ठेवता येत नसेल तर रूळ टाकून पण येणार नाही.

आणि हो, मी ट्रामवर कधी काम केलेलं नाही. नंतर एका मोठ्या शहरात मेट्रोच्या खांबांखालच्या केबली सरकवायच्या कामावर आठ महिने होतो, बाकी वाचलेलं. मोजायला बसलात तर सणाच्या आठवड्यात बसू नका, आकडे फुगतात, आणि मालाचा रकाना वेगळा करा.

हे तात्याला वाचून दाखवणार आहे. तो काय म्हणेल ते मला आत्ताच माहीत आहे, नुकसानीचे पैसे ठेकेदाराने आजतागायत दिलेले नाहीत. “ते रेल्वेनं मंगन दखू, पहिले मना तीन गोणी माल भरी दे.”