कुत्रा, तंबू आणि ताडोबा

ऑक्टोबरात ताडोबाचा गाभा पर्यटकांना उघडतो आणि माझ्या प्राण्यांच्या दवाखान्यात तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. गेटाबाहेरच्या गावात खासगी जागेवर तंबू ठोकायचा, सोबत कुत्रा न्यायचा. यंदा एकदाचं लिहूनच टाकतो.

प्रश्न : जिप्सीत कुत्र्याला मांडीवर घेऊन सफारी करता येईल का? (नागपूर)

नाही. कुणाची कितीही ओळख असली तरी नाही.

प्रश्न : तंबूबाहेर कुत्रा बांधला की बिबट्या फिरकत नाही म्हणतात. (यवतमाळ)

कोण म्हणतं? अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. बाहेर बांधलेला कुत्रा म्हणजे वाढलेलं ताट. अंधार पडला की कुत्रा खोलीत किंवा बंद गाडीत तुमच्यासोबत हवा, आणि तंबूचं कापड म्हणजे भिंत नव्हे. खोली नसेल तर कुत्र्याला घरीच ठेवा. जागा ठरवण्याआधी वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात विचारा. जागामालक 'इथे काही येत नाही' असंच सांगणार.

प्रश्न : रेबीजची लस झाली आहे. डिस्टेंपरची कशाला? आमचा टॉमी घरातच असतो. (पुणे)

मग जंगलाच्या कडेला कोण निघालंय? डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूचा आजार. तो झालेलं पिल्लू एकदा पाहा. डोळ्यांत चिपडं, नाक वाहतंय, आणि काही दिवसांनी काहीही तोंडात नसताना जबडा चघळल्यासारखा हलायला लागतो. त्या विषाणूवर नेमकं औषध नाही. आणि हा आजार कुत्र्यापाशी थांबत नाही. 1994 साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत सुमारे एक तृतीयांश सिंह त्याने गेले. संशय आजूबाजूच्या गावांतल्या कुत्र्यांवर होता. 2018 साली गीरमध्ये सिंह मेले, तेव्हा हाच विषाणू सापडला, तोही तुमच्याच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत. वाघ, बिबट्या, रानकुत्री, सगळ्यांनाच हा होऊ शकतो. तुमचा टॉमी वास घेत घेत जिथे नाक घालेल, तिथेच पहाटे दुसरं कुणी नाक घालतं.

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता 'उद्या पहाटे निघायचंय, लसीचं सर्टिफिकेट द्या' म्हणून येणाऱ्यांना मी परत पाठवतो. लस अंगी लागायला दोनेक आठवडे लागतात. कार्डावर नुसता शिक्का नको, कुपीवरचं बॅच नंबरचं स्टिकर चिकटवलेलं पाहा. डोस चुकला असेल तर पुढचा कधी द्यायचा ते तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि विष्ठा उचलून सोबत परत आणा. लाज कसली?

प्रश्न : गोचिडांसाठी हर्बल पट्टा पुरेल का? (चंद्रपूर)

त्याच्या भरवशावर राहू नका. पाकिटावर कडुनिंबाचं पान छापलं म्हणजे औषध होत नाही. वजनानुसार गोळी किंवा थेंब डॉक्टरांकडूनच घ्या. रॉकेल चोळू नका. परतल्यावर कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात हात फिरवून तपासा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, फिक्या हिरड्या किंवा गडद लघवी दिसली तर लगेच रक्त तपासा. 'उद्या बघू' म्हणणाऱ्यांची कुत्री मी सलाइनवर पाहिली आहेत.

प्रश्न : साप चावला तर हळद-तूप देऊ का? (अमरावती)

नाही. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत ठेवा. प्रतिविष कुठल्या दवाखान्यात मिळतं ते निघण्याआधी फोन करून विचारून ठेवा.

प्रश्न : गाडीत ओकतो. घरातली गोळी चालेल? (वर्धा)

कुठली गोळी? वजन किती? डॉक्टरांना विचारा.