भावाला कॅम्पवर दोन रात्री ठेवलं, आता दाद कुठे मागायची?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातली. माझा धाकटा भाऊ अरुणाचल प्रदेशातल्या चांगलांग जिल्ह्यात रस्त्याच्या कामावर सर्व्हेअर आहे. सात महिन्यांपूर्वी एका मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमारास गस्तीवरच्या जवानांनी त्याला अडवलं आणि कॅम्पवर नेलं. दोन रात्री तिथंच ठेवून तेच ते प्रश्न विचारले. मारहाण केली नाही. गुरुवारी दुपारी दोनला पोलीस ठाण्यात आणून दिलं. पोलिसांनी तासाभरात एका इंग्रजी कागदावर सही घेऊन सोडून दिलं. मोबाइल आणि कंपनीचं जीपीएस यंत्र अजून परत मिळालेलं नाही. यंत्राचे पैसे पगारातून कापू, असं कंपनी म्हणते. माझे वडील निवृत्त सुभेदार आहेत. फौजेविरुद्ध कागद करायचा नाही, असं ते म्हणतात. ओळखीचे एक वकील म्हणाले, तिथं ‘अफस्पा’, म्हणजे सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा कायदा आहे, काहीच होणार नाही. खरंच काही होत नाही का?

उत्तर : ताई, आधी मनाची तयारी व्हावी म्हणून एक सांगतो. भावाला अडवलं यात बेकायदा काही दिसत नाही. चांगलांग म्यानमारच्या सीमेवरचा जिल्हा. तिरप आणि लोंगडिंगसह तो वर्षानुवर्षं ‘अशांत क्षेत्र’, म्हणजे अफस्पा लागू असलेला भाग, म्हणून जाहीर होत आला आहे. अशा ठिकाणी तिन्हीसांजेला हातात जीपीएस घेतलेला परका तरुण दिसला तर जवान त्याला हटकणारच. त्या मुद्द्यावर भांडलात तर हराल. तुमची बाजू भक्कम आहे ती त्यानंतरच्या तासांवर.

मंगळवारी संध्याकाळी सात ते गुरुवारी दुपारी दोन, म्हणजे 43 तास. हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, तुमचं सगळं प्रकरण त्यावर उभं आहे.

1958 च्या सशस्त्र दल (विशेषाधिकार) कायद्याचं कलम 4 संशयावरून, वॉरंटशिवाय अटक करण्याचा अधिकार देतं. पण ‘चौकशीसाठी ठेवून घेण्याचा’ अधिकार त्या कायद्यात कुठेही नाही. लगेच पुढचं कलम 5 सांगतं, की अटक केलेल्या माणसाला कमीत कमी विलंबात जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाकडे सोपवायचं आणि अटक कोणत्या परिस्थितीत झाली याचा अहवालही द्यायचा. त्यावर संविधानाचा अनुच्छेद 22 आहेच : प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला हा नियम लागत नाही, पण त्यासाठी वेगळा कायदा आणि लेखी आदेश लागतो. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. कॅम्पपासून ठाण्यापर्यंतचा रस्ता पावसाने खचलेला असेल, त्याचे चार तास धरा, सहा धरा. 43 चे 24 होत नाहीत. आणि दंडाधिकाऱ्यासमोर तर तो कधी उभाच केला गेला नाही.

समोरून उत्तर येईल : ‘अटक केलीच नव्हती, फक्त विचारपूस केली.’ या उत्तराला घाबरू नका. माणसाला उठून घरी जाता येत होतं का, एवढंच न्यायालय पाहतं. दोन रात्री फोन काढून घेऊन ज्याला बसवून ठेवलं, तो पाहुणा नव्हता.

आता तुमच्या वडिलांविषयी. त्यांची भावना मला मनापासून कळते. 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात होडीतून माणसं काढणारे जवान आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पण सुभेदार साहेबांना एक विचारा : काय करावं आणि काय करू नये याची यादी फौजेनं स्वतःच जवानांना दिलेली आहे, ती आठवते का? या कायद्याला आव्हान दिलं गेलं तेव्हा 27 नोव्हेंबर 1997 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कायदा वैध ठरवला, पण त्याच निकालात ही यादी बंधनकारक केली. पोलीस ठाण्यात सोपवायला लागेल त्याहून जास्त वेळ कोणाला ताब्यात ठेवू नये, हे त्या यादीतच आहे. अटक केलेल्या माणसाची चौकशी जवानांनी करू नये, हेही आहे. तेव्हा तुम्ही फौजेविरुद्ध उभ्या राहत नाही, फौजेच्याच नियमावर बोट ठेवताय. हा निकाल वडिलांना वाचायला द्या. शिस्तीत आयुष्य काढलेल्या माणसाला तो माझ्यापेक्षा जास्त पटेल, असं मला वाटतं.

‘काहीच होणार नाही’ म्हणणाऱ्या वकिलांचं म्हणणं अर्धं खरं आहे. अफस्पाच्या कलम 6 प्रमाणे केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय जवानावर खटला किंवा दावा चालत नाही, आणि ती परवानगी मिळणं फार अवघड. नागालँडमधल्या ओटिंगला 4 डिसेंबर 2021 रोजी कामावरून परतणाऱ्या खाणमजुरांच्या गाडीवर गोळीबार झाला, सहा जण गेले. पोलिसांनी 30 जवानांवर आरोपपत्र ठेवलं, केंद्रानं परवानगी नाकारली आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कारवाई बंद केली. इतक्या मोठ्या घटनेत हे झालं. त्यामुळे कुणाला तुरुंगात धाडण्याची आशा मी तुम्हाला दाखवणार नाही.

पण उरलेलं अर्धं त्यांनी सांगितलं नाही. उच्च न्यायालयाचा अनुच्छेद 226 खालचा रिट अधिकार, म्हणजे हक्क मोडल्यावर शासनाला थेट आदेश देण्याचा अधिकार, संविधानानं दिलेला आहे. संसदेच्या साध्या कायद्यातलं कलम तो काढून घेऊ शकत नाही. आणि तिथं एका जवानाला नव्हे, शासनाला जाब विचारला जातो. जम्मू-काश्मीरचे आमदार भीम सिंह यांना पोलिसांनी पकडून वेळेत दंडाधिकाऱ्यासमोर नेलं नाही, तेव्हा 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 50,000 रुपये भरपाई द्यायला लावली. तिथं पोलीस होते, इथं सशस्त्र दल आहे, पण अनुच्छेद 22 दोघांनाही सारखाच लागू आहे. कोठडीतल्या मृत्यूच्या, 1993 च्या नीलाबती बेहेरा प्रकरणात तर न्यायालयानं स्पष्ट केलं, की मूलभूत हक्क मोडल्याची भरपाई रिटमध्ये मागितली असेल तर ‘सरकार सार्वभौम आहे, त्याच्याकडून भरपाई मागता येत नाही’ ही ढाल शासनाला पुढे करता येत नाही. घटना अरुणाचलात घडली, म्हणून याचिका गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या इटानगर खंडपीठापुढे जाईल, मुंबईत नाही. निकालाला काही वर्षं लागू शकतात, हे गृहीत धरूनच उतरा.

त्याआधी एक मुदत सांभाळायची आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग घटनेपासून एक वर्षाच्या आतलीच तक्रार घेतो. तुमचे सात महिने गेलेत. सशस्त्र दलांच्या बाबतीत आयोगाचे हात बांधलेले आहेत. त्याला केंद्राकडून अहवाल मागवता येतो आणि शिफारस करता येते, स्वतः तपास करता येत नाही. तरी तक्रार कराच. त्या अहवालात सरकारला भावाच्या ताब्याच्या तारखा आणि वेळा लेखी द्याव्या लागतील, आणि रिटमध्ये तोच कागद तुमच्या कामी येईल.

पुरावा सध्या तुमच्याच फोनमध्ये आहे. त्या मंगळवारी भावाचा शेवटचा मेसेज कधी आला आणि गुरुवारी सुटल्यावर पहिला फोन कुणाच्या नंबरवरून आला, ते बघा. स्क्रीनशॉट काढा, पण मूळ मेसेज पुसू नका आणि तो फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा मूळ फोन लागतो. कंपनीचा हजेरीपट त्या दोन दिवसांत भाऊ गैरहजर दाखवत असेल, त्याची नक्कल आत्ताच मागून ठेवा.

सही घेतलेल्या इंग्रजी कागदाचीही प्रत मागा. ‘माझी काही तक्रार नाही’ असा मजकूर त्यात असण्याची शक्यता दाट आहे. तसं असेल तर मजकूर समजावून न सांगता, सुटकेच्या क्षणी सही घेतली, असं भावानं स्वतः पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावं. मूलभूत हक्क सही करून सोडून देता येत नाही, पण त्या सहीवर गप्प बसलात तर ती उद्या तोंडावर फेकली जाईल.

मोबाइल आणि यंत्राचं सोपं आहे. झडतीत जप्त करायच्या वस्तू अफस्पाच्या कलम 4 मध्ये नेमून दिल्या आहेत : चोरीचा संशय असलेला माल, शस्त्रं, दारूगोळा, स्फोटकं. सर्व्हेचं यंत्र त्यात बसत नाही. आणि जे काही जप्त होईल ते पोलीस ठाण्यात जमा करणं 1997 च्या निकालानं सक्तीचं केलं आहे. ठाण्यात जमा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करा. पगारकपातीबाबत कंपनीला एवढंच कळवा, की कामगाराच्या हलगर्जीपणानं नुकसान झालं तरच, आणि त्याचं म्हणणं ऐकूनच, कपात करता येते. इथं हलगर्जीपणा कसला?

पहिला कागद पोलिसांकडे पाठवा. भावाच्या सहीनं माहिती अधिकाराचा अर्ज : त्या गुरुवारची स्टेशन डायरीतली नोंद, कलम 5 खालचा अहवाल आणि सोबत सोपवलेल्या वस्तूंची यादी. ते लष्कर होतं की आसाम रायफल्स, हे तुमच्या पत्रात नाही. अफस्पा दोघांनाही लागू आहे, पण माहिती अधिकारात फरक पडतो. आसाम रायफल्स त्या कायद्याच्या वगळलेल्या संस्थांत येते. मात्र मानवाधिकारभंगाच्या आरोपाची माहिती तिलाही द्यावी लागते, केंद्रीय माहिती आयोगाच्या मंजुरीनं, 45 दिवसांत. पलटण कोणती ते डायरीच्या नोंदीतून कळेल. ती नक्कल हाती आली की मला पाठवा. मानवाधिकार आयोगाकडच्या तक्रारीचा मसुदा आपण त्यावरून करू, वर्ष भरायच्या आत.