सुरुवात कुठून केलीस, ते आधी सांग

प्रिय मित्रा,

तुझा संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. ‘उत्क्रांतीचा अंदाज बांधता येतो का?’ असं तू पहिल्याच ओळीत विचारलं आहेस. प्रश्न चांगला आहे, पण अर्धाच आहे. कोणत्या जीनोमपासून (जीवाच्या संपूर्ण जनुकीय मजकुरापासून) निघालेल्या उत्क्रांतीचा अंदाज, आणि अंदाज नेमका कशाचा, हे त्यात नाही. एवढं गाळलं की ‘हो’ म्हणणाराही बरोबर आणि ‘नाही’ म्हणणाराही बरोबर. आपल्या क्षेत्रातली निम्मी भांडणं अशीच चालतात.

तू एकाच स्ट्रेनपासून, म्हणजे जीवाच्या एकाच वाणापासून, शंभर समांतर लाइन्स, म्हणजे वेगवेगळ्या वंशशाखा, वाढवणार आहेस. त्यातल्या ऐंशींमध्ये एकच म्यूटेशन (जनुकीय बदल) आलं, तर ‘उत्क्रांती पुनरावर्ती आहे’ असं लिहिण्याचा मोह तुला होईल. ते लिहिण्याआधी स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स या जीवाणूवरचं 2021 मधलं काम नीट वाच. त्यात फिरण्याची क्षमता काढून घेतलेले दोन स्ट्रेन होते, दोन्ही एकाच प्रजातीचे. एका स्ट्रेनच्या 95 टक्क्यांहून अधिक लाइन्सनी हालचाल परत मिळवली ती ‘एनटीआर-बी’ या जनुकातली तीच एक जागा बदलून. दुसऱ्या स्ट्रेनने मात्र वेगवेगळे मार्ग धरले. फरक कुठे होता, तर त्या जनुकातल्या सहा मूक बदलांत. प्रथिनातलं एकही अमिनो आम्ल त्यांच्यामुळे बदलत नाही. पहिल्या स्ट्रेनमध्ये त्या सहा जागा बदलल्या तेव्हा ते 95 टक्के शून्यावर आले, आणि दुसऱ्यात त्याच जागा पहिल्यासारख्या केल्या तेव्हा शून्याचे 80 टक्के झाले.

यात दोन गोष्टी लक्षात घे. एक, पार्श्वभूमी, म्हणजे म्यूटेशनच्या आसपासचा बाकीचा जीनोम, अंदाज बिघडवते तशी घडवतेही. पार्श्वभूमी म्हणजे गोंगाट, असं आपण उगाच धरून चालतो. दुसरी जास्त महत्त्वाची आहे: इथे पार्श्वभूमीने म्यूटेशनचा फायदा बदललेला नाही, ते म्यूटेशन घडण्याचा दर बदलला आहे. एकच बदल पुन्हा पुन्हा दिसला की आपण ‘निवडीचा दाब’, म्हणजे फायद्याचं ते टिकलं, असं म्हणून मोकळे होतो. तो बदल सर्वांत फायद्याचा होता की सर्वांत सहज घडणारा होता, हे वेगळं तपासल्याशिवाय कळत नाही. ते म्यूटेशन मूळ स्ट्रेनमध्ये स्वतः घालून बघ, स्पर्धेत उतरव, फायदा मोज. सगळ्या लाइन्ससाठी हे जमणार नाही, चार-पाचांसाठी तरी कर.

फायदाच बदलतो तेव्हा काय होतं, याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण फ्लूचं आहे. ऑसेल्टामिव्हिर या औषधाला दाद न देणारं ‘एच274वाय’ हे म्यूटेशन आधीपासून माहीत होतं. प्रयोगशाळेत ते विषाणूला लुळं करत होतं, म्हणून असा प्रतिरोध पसरणार नाही असं बऱ्याच जणांचं मत होतं. मग 2007-08 च्या हंगामात हंगामी एच1एन1 मध्ये तेच म्यूटेशन जोमाने पसरू लागलं, औषध फारसं वापरलं जात नव्हतं अशा ठिकाणीसुद्धा. 2010 मध्ये ब्लूम, गाँग आणि बाल्टिमोर यांनी कारण दाखवलं. ‘एच274वाय’मुळे पेशीच्या पृष्ठभागावर पोचणारं न्यूरामिनिडेझ हे विषाणूचं एन्झाइम कमी पडत होतं. दरम्यान विषाणूत इतर काही बदल येऊन बसले होते आणि त्यांनी ही तूट भरून काढली. म्हणजे आधीचं मोजमाप चुकीचं नव्हतं. ते जुन्या विषाणूचं होतं, आणि लोकांनी ते म्यूटेशनचा कायमचा गुणधर्म म्हणून वापरलं. तुझ्या आराखड्यात ‘या म्यूटेशनचा फिटनेसवरचा परिणाम’, म्हणजे जगण्या-वाढण्याच्या क्षमतेवरचा परिणाम, असं तीन ठिकाणी आहे. तिन्ही ठिकाणी ‘कोणत्या स्ट्रेनमध्ये’ हे जोड.

आता तुझा दुसरा अर्धा प्रश्न: अंदाज कशाचा? 2014 मध्ये क्रियाझिम्स्की, देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टचे 64 जवळचे स्ट्रेन घेतले आणि प्रत्येकाच्या दहा अशा 640 लाइन्स 500 पिढ्या वाढवल्या. मागे असलेल्या स्ट्रेननी जास्त मजल मारली, पुढे असलेल्यांनी कमी. फिटनेस किती वाढेल, हे सुरुवातीच्या फिटनेसवरून बऱ्यापैकी सांगता येत होतं. पण जीनोम वाचले तेव्हा कोणती म्यूटेशन्स येतील हे मूळ स्ट्रेनवरून सांगता येईना. एकाच प्रयोगात एका पातळीवर अंदाज लागतो, दुसऱ्या पातळीवर लागत नाही. म्हणून फिटनेस, जनुक आणि न्यूक्लिओटाइड (डीएनएचं एकेक अक्षर) असे तीन वेगळे अंदाज मांड. ते एकाच आकड्यात कोंबू नकोस.

हाच आलेख तूही काढशील: आडव्या अक्षावर सुरुवातीचा फिटनेस, उभ्यावर झालेली वाढ. इथे सावध राहा. वाढ म्हणजे शेवटचा फिटनेस वजा सुरुवातीचा, म्हणजे सुरुवातीचं मोजमाप दोन्ही अक्षांवर येतं. ते चुकून कमी आलं तर वाढ आपोआप जास्त दिसते. नुसत्या मोजमापाच्या चुकीतूनही उताराची सुंदर रेषा निघते, आणि परिषदांमधल्या भिंतीपत्रकांवर अशा रेषा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. उपाय सोपा आहे. सुरुवातीचा फिटनेस दोन स्वतंत्र संचांत मोज. एक संच आडव्या अक्षासाठी ठेव, दुसरा वाढ काढण्यासाठी वापर. कंटाळवाणं काम आहे, पण परीक्षक हेच पहिल्यांदा विचारतील.

लेन्स्कींच्या प्रयोगाबद्दल तू दोन पानं लिहिली आहेस. ती अर्ध्या पानात बसव. 1988 मध्ये सुरू झालेले ई. कोलाय जीवाणूचे बारा फ्लास्क सगळ्यांना माहीत आहेत. तुझ्या कामाचा भाग एवढाच: बारांपैकी एकाच लोकसंख्येला 31,000 हून अधिक पिढ्यांनंतर ऑक्सिजनच्या उपस्थितीत सायट्रेट अन्न म्हणून वापरता येऊ लागलं, आणि गोठवलेल्या पूर्वजांपासून पुन्हा प्रयोग केला तेव्हा ही क्षमता सुमारे 20,000 पिढ्यांनंतरच्या क्लोन्समधूनच (एकेका पेशीपासून वाढवलेल्या वंशांमधूनच) परत आली. आधीच्या क्लोन्सना तेच वातावरण मिळालं होतं. पार्श्वभूमी प्रयोगाच्या आतच तयार होत जाते, ती फक्त सुरुवातीला ठरत नाही. म्हणून ठरावीक अंतराने प्रत्येक लाइनचा नमुना ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशांवर ठेव. फ्रीझरमध्ये जागा नाही ही सबब मी ऐकणार नाही.

वाइनराइख यांचे 120 मार्ग तू उद्धृत केलेस ते योग्यच. बीटा-लॅक्टमेझ या प्रतिजैविक निकामी करणाऱ्या एन्झाइमच्या जनुकातली पाच म्यूटेशन्स 120 क्रमांनी येऊ शकतात, आणि त्यांतल्या 18 क्रमांतच प्रत्येक पायरीवर प्रतिरोध वाढत जातो. मात्र ते एका जनुकाच्या आतलं गणित आहे. त्यावरून पूर्ण जीनोमबद्दल विधान करू नकोस.

तर शंभर लाइन्सच ठेव, पण एका स्ट्रेनच्या नकोत. दहा स्ट्रेन घे, प्रत्येकाच्या दहा लाइन्स. प्रत्येक स्ट्रेनमधली अचूकता कमी होईल हे खरं, पण स्ट्रेनमधला फरक आणि नशिबाचा भाग हे वेगळे काढायला दुसरा मार्ग नाही. स्ट्रेन निवडताना सुरुवातीचा फिटनेस सारखा पण जीनोम दूरचे, अशा निदान दोन जोड्या घे. वाढ फक्त सुरुवातीच्या फिटनेसवर ठरते की वंशाचाही हात असतो, हे त्या जोड्याच सांगतील. सगळ्यांची लोकसंख्या सारखी ठेव. मोठ्या लोकसंख्येत फायदेशीर म्यूटेशन्स आपसातच झुंजतात आणि त्यातून येणारी पुनरावृत्ती पार्श्वभूमीच्या खात्यावर टाकली जाते.

आणि पहिला फ्लास्क इनक्युबेटरमध्ये जाण्याआधी तिन्ही पातळ्यांवरचे तुझे अंदाज स्ट्रेननुसार लिहून, तारीख टाकून मला पाठव. स्ट्रेनची यादी त्याच्याही आधी हवी आहे. त्यातल्या दोन-तीनबद्दल मी वाद घालणार आहे.

तुझी,
मार्गदर्शक